बाराच्या आत पाणी

मेंढरांचा दिवस ठरलेला असतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा कळप उजाडताना चरायला सुटतो, दहाच्या सुमाराला चरणं मंदावतं आणि बाराच्या आत त्याला पाणी लागतं. पाणी झालं की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, रवंथ करतात, आणि ऊन कललं की पुन्हा चालू लागतात. पाण्याची वेळ दोन-तीन तासांनी चुकली तर त्या दिवशी फारसं काही दिसत नाही. पुढच्या दिवसांत दूध आटतं, कोकरं रात्रभर ओरडतात, एखादी गाभण मेंढी गाभ टाकते. तोवर कळप दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बहुतेक नोकरी रावेर आणि यावल तालुक्यांत गेली. घर सावद्याला. पदवीने मी डॉक्टर नव्हे, पण मेंढपाळांच्या वाड्यांवर सगळे मला डॉक्टरच म्हणत. या सगळ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आणि तीच सांगायची म्हणून हे लिहितो आहे. नाक्यावर कळप थांबवणाऱ्या माणसाला वाटतं आपण रस्ता अडवला. प्रत्यक्षात कळपाचा वेळ जातो, आणि तो वेळ नंतर कुणालाही परत करता येत नाही.

सावद्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधला सगळा पट्टा केळीचा. दिवाळी झाली की साक्री, शिंदखेडा, नंदुरबारकडून ठेलारी मेंढपाळांचे वाडे इकडे सरकतात. वाडा म्हणजे चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, बिऱ्हाड लादलेली घोडी, कुत्री, कोंबड्या. पूर्वी कपाशी निघाली, ज्वारी निघाली की रानं मोकळी होत. शेतकरी स्वतःहून वाड्याला बोलवायचा. चार रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत जागच्या जागी पडतं, त्या बदल्यात धान्य किंवा रोख पैसे मिळतात. केळी निघालेल्या बागेत पानं आणि खांब चारायलाही मिळत.

मग ठिबक आलं, टिश्यूकल्चरची रोपं आली. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवडींच्या मधली मोकळीक आक्रसत गेली. एका बाजूला घड कापले जातात तेव्हा शेजारच्या तुकड्यात नवी रोपं उभी असतात, आणि दोन्हींच्या मधून ठिबकच्या नळ्या गेलेल्या असतात. मेंढीच्या खुराने नळी दाबली की भांडण. शेतकऱ्यांचंही चुकत नाही, एका एकराच्या नळ्यांना किती पैसे लागतात ते मी घरीच पाहिलं आहे. पण परिणाम असा झाला की जो कळप तापीकाठच्या काळ्या रानांतून पूर्व-पश्चिम फिरायचा, तो हळूहळू डोंगराच्या पायथ्याकडे ढकलला गेला. आणि पायथ्याला जंगलाचे नाके आहेत.

नाका म्हणजे फार काही नसतं. रस्त्यावर आडवा बांबू किंवा लोखंडी पाइप, एका टोकाला वजनासाठी बांधलेला दगड, पत्र्याची खोली, आत टेबल, रजिस्टर, पाण्याचा माठ. माणूस सहज बाजूने निघून जाईल. कळप जाऊ शकत नाही, कारण दोन्ही बाजूंना रोपवनाचं तारेचं कुंपण किंवा खोल चर असतो, आणि पाण्याकडे जाणारी मोकळी वाट ती एकच असते. यावल अभयारण्य 1969 साली जाहीर झालं, क्षेत्र 177.52 चौरस किलोमीटर. त्याआधीही या जंगलांत चराईचे नियम होतेच, पावत्या होत्या, कोंडवाडे होते. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 चा आहे, भारतीय वन कायदा 1927 चा. म्हणजे आज नाक्यावर उभ्या असलेल्या मेंढपाळाच्या पणज्यानेही हा आडवा बांबू कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिला असणार.

नोकरीत नवा होतो तेव्हा मला वाटायचं, या लोकांना औषधं हवीत. आंत्रविषाराने एका रात्रीत दहा-पंधरा मेंढ्या आडव्या होतात, देवी येते, पीपीआर येतो, पावसाळ्यानंतर जंत होतात. मी थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेऊन मोटरसायकलवर वाड्यावर जायचो. मेंढ्या टोचून घेत, पण सगळ्यांचं लक्ष माझ्या वहीकडे असे. काम संपलं की कर्ता माणूस जवळ येऊन म्हणायचा, "कागद द्या दादा. औसद नही दिन्हं तरी चाली."

याचा उलगडा वन्यजीव कायदा वाचल्यावर झाला. 1972 च्या त्या कायद्यात पुढे घातलेलं 33-अ हे कलम म्हणतं की अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या जनावरांचं लसीकरण व्हावं, आणि लस न टोचलेलं जनावर अभयारण्यात चारू नये. वन्यप्राण्यांना पाळीव जनावरांचे रोग लागू नयेत, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण नाक्यापर्यंत येता येता त्या कलमाचा अर्थ बदलला होता. लस टोचल्याची माझी साधी चिठ्ठी, तारीख, मेंढ्यांची संख्या, सही आणि शिक्का, हीच मेंढपाळाच्या हातातली एकमेव सरकारी वस्तू ठरली होती. ती चराईचा परवाना नव्हती. तसं तिच्यावर मी स्पष्ट लिहायचोही. तरी नाक्यावर ती दाखवली की बोलणं थोडं मऊ होई. काही वाड्यांनी अशा चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी घोड्यावर सगळ्यात वर, अशी जपून ठेवलेली मी पाहिली आहे. घरातली शिकलेली मुलगी असली तर ती बापाला सांगायची, कोणता कागद कोणत्या गावचा. बहुतेक ठिकाणी ती मुलगी आठ-नऊ वर्षांची असायची, आणि शाळा जिथे सुटली तिथेच सुटलेली असायची.

एका मे महिन्यातला दिवस मला नीट आठवतो. सकाळी एका पाड्यावर गुरांचं काम करून परतताना नाक्यावर तीनेकशे मेंढरांचा कळप उभा होता. पलीकडे दीड-दोन किलोमीटरवर धरणाचं पाणी. नाक्यावरच्या माणसाला वरून निरोप होता की साहेब येईपर्यंत कळप सोडायचा नाही. साहेब दुसऱ्या फेरीवर होते. फोन लागत नव्हता. अकरा वाजले, बारा वाजले. मेंढ्यांनी एकमेकींत डोकी घातली, धापा टाकायला लागल्या. सावली एकाच झाडाची, ती कोकरांसाठी राखली होती. बायांनी माठातलं पाणी मागून घेतलं आणि ओल्या फडक्याने कोकरांची तोंडं पुसली. पुरुष नाकेदाराशी बोलत होते, बाया कळप सांभाळत होत्या. नाक्यावर वाट बघण्याचं काम जास्त करून बायांच्याच वाट्याला येतं, कारण कळप उभा राहिला तरी चूल, तान्हं मूल आणि अडलेली मेंढी थांबत नाही.

नाक्यावरचा माणूस वाईट नव्हता. जवळच्याच पाड्यावरचा तडवी, रोजंदारीवरचा, त्याच्या घरी शेळ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, मला दिसतंय ना सगळं. पण मी सोडलं तर उद्या मला कामावर कोण ठेवेल?" मी त्याला म्हटलं, जनावरांना उष्माघात होतोय असं मी लिहून देतो, तुझ्या रजिस्टरला लाव. त्याने विचार केला, कागद घेतला, बांबू वर केला. तेव्हा दोन वाजून गेले होते. कळप पाण्यावर गेला. त्या रात्री मी त्यांच्या मुक्कामावर थांबलो. चार मेंढ्यांनी गाभ टाकला आणि एक म्हातारी मेंढी उठली नाही. वाड्यातली आजी, जिने दिवसभर एक शब्दही उच्चारला नव्हता, मला भाकर वाढताना म्हणाली, "मेंढीले रजा नही ऱ्हास दादा. तुमना साहेबले ऱ्हास."

त्यानंतर मी माझ्या कामाची वेळ बदलली. दुपारी वाड्यावर जाऊन मेंढ्या अडवून टोचणं बंद केलं. संध्याकाळीच मुक्कामावर पोचायचं, तिथेच झोपायचं, आणि पहाटे वाघर उघडायच्या आधी, मेंढ्या जाळीत एकत्र असतानाच लस द्यायची. गारव्यात बर्फ टिकतो, लस टिकते, मेंढी बुजत नाही. पीपीआरची लस एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. तेवढ्या वेळात वाड्यातली माणसं मिळून अख्खा कळप माझ्या हातांखालून काढत. बाया मेंढी धरायच्या, पोरं टोचलेल्या मेंढीच्या कपाळावर रंगाचं बोट ओढायची. सूर्य वर येईपर्यंत कळप रानात गेलेला असे. ऑफिसात विचारणा झाली की कामाची वेळ दहाला सुरू होते तर हे पहाटेचं काय? रजिस्टरात वेळ लिहिली तशी खरी ठेवली, आणि पुढे कुणी काही म्हणालं नाही.

मुक्कामावर झोपल्यामुळेच मला मेंढपाळी कळली. अंधारात नुसत्या आवाजावरून कोणती मेंढी कोणाची ते सांगणारी माणसं मी पाहिली. सातपुड्याच्या पायथ्याला अंजनाची झाडं पुष्कळ. कडक उन्हाळ्यातही त्याला कोवळा पाला येतो आणि मेंढ्या तो आवडीने खातात. पाला पाडायचा तर आकडी लावून फांदीचं टोक तेवढं ओढायचं, बुंध्याला कोयता लावायचा नाही, हा नियम मला म्हाताऱ्या मेंढक्यांनी सांगितला. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. अंजन बोडके झालेलेही मी पाहिले आहेत, आणि वनरक्षकाचा राग का येतो तेही मला समजतं. पण ज्याला रोज हाकललं जातं त्याला झाड राखून पुढच्या वर्षी इथेच यायचं आहे ही खात्री कशी वाटावी? दरवर्षी यायची हमी ज्या वाड्याला होती, त्या वाड्याने झाड राखलं, हे माझं निरीक्षण आहे.

पावसाळ्याचे चार महिने सगळ्यात कठीण. शेतात पिकं, जंगल बंद, गायरानावर अतिक्रमण. मेंढ्यांच्या खुरांत चिखल बसून लंगड लागते, ओल्या लोकरीत किडे होतात. राज्य सरकारने मेंढपाळांसाठी जून ते सप्टेंबर असं चार महिन्यांचं चराई अनुदान सुरू केलं, महिन्याला 6,000 रुपयांप्रमाणे, त्यामागे हेच कारण. अर्थात त्यासाठी बँकखातं, रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला हवा. रहिवासी दाखल्यासाठी एका गावात रहावं लागतं.

ऑगस्ट 2022 ने माझी बाजू बदलली. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लम्पी त्वचारोगाच्या त्या वर्षीच्या साथीची महाराष्ट्रातली पहिली नोंद झाली ती आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला. सावद्याहून काही किलोमीटरवर. गाईंच्या अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. माश्या, डास, गोचिडांमधून पसरणारा विषाणू, आणि केळीच्या पट्ट्यात माश्या-डासांना काय तोटा? बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या परिघात शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची असं ठरलं. आम्ही दिवसरात्र टोचत होतो. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली गुरांची ने-आण बंद झाली, सप्टेंबरात पूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, गुरांचे बाजार बंद पडले. आणि रस्त्यावर तपासणीला उभं राहणाऱ्यांत मीही होतो.

समोर आले ते काठेवाडी. सौराष्ट्रातून पिढ्यान्‌पिढ्या इकडे येणारे गवळी, मोठमोठ्या गीर गाईंचे कळप घेऊन. गाडीत गुरं नव्हती, पायी चालली होती. मला सांगायचं होतं की पुढे जाता येणार नाही आणि मागेही जाता येणार नाही, कारण मागचं गाव बाधित आहे. मी ते सांगितलं. बंदी योग्य होती, आजही मी तेच म्हणेन. कळप फिरला असता तर रोग पुढच्या तालुक्यात दोन दिवसांत पोचला असता. पण मी त्या माणसाकडे बघत होतो आणि मला मे महिन्यातला तो नाका दिसत होता, फक्त या वेळी बांबू माझ्या हातात होता. म्हणून मी त्याला विचारलं, पाणी कुठे आहे? त्याने हात केला. ओढा अर्ध्या किलोमीटरवर. आम्ही ठरवलं की कळप ओढ्याच्या या काठावर थांबेल, गावातल्या गुरांची पाण्याची जागा वेगळी ठेवायची, चारा आम्ही गावातून मिळवून देऊ. सरपंचांशी बोललो. केळीचे कापलेले खांब आणि पानं पुष्कळ होती, शेतकऱ्यांनी ट्रॉल्या भरून दिली. सगळ्यांनी नव्हे. लम्पीची गाय पायाने रोग आणते म्हणून काहींनी दगड मारले. दुधाने माणसाला रोग होतो ही अफवा तर इतकी पसरली की काठेवाड्यांचं दूध कुणी घेईना. रोज सकाळी कळशा भरत आणि संध्याकाळी ओतल्या जात. एवढंच काय, मेंढ्यांना लम्पी होत नाही हे सांगून सांगून घसा बसला तरी गावांनी ठेलाऱ्यांचे वाडेही वेशीवर अडवले.

त्या दिवसांत मला कळलं की बंदी घालणाऱ्याने बंदीबरोबर पाण्याचा आणि चाऱ्याचा हिशोब लिहिला पाहिजे. आदेशात एवढंच असतं की जनावर हलू नये. न हललेलं जनावर दुपारी काय पिईल, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या स्वभावावर सोडलेलं असतं.

निवृत्तीनंतर भाच्याने मला एक माहितीपट दाखवला, 'नो अदर लँड'. पॅलेस्टिनी आणि इस्रायली चौघांनी मिळून केलेला, 2025 च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं. पॅलेस्टाइनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा (वेस्ट बँक), हेब्रॉनच्या दक्षिणेचा मसाफेर यत्ता हा डोंगराळ भाग. मेंढ्या-शेळ्या पाळणारी, पूर्वी गुहांतून राहणारी खेडी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायली लष्कराने तो गोळीबार क्षेत्र 918 म्हणून जाहीर केला, आणि मे 2022 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या लोकांना हटवायला मोकळीक दिली. एक हजाराहून जास्त माणसांचा प्रश्न. माहितीपटात बुलडोझर येतात, घरं पाडतात, शाळा पाडतात, पाण्याची नळी कापतात, विहिरीत सिमेंट ओततात. विहिरीचं दृश्य आलं तेव्हा मी भाच्याला थांबवायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी भांडणं पाहिली, दंड पाहिले, कोंडवाड्यात उपाशी राहिलेली गुरं पाहिली. प्यायच्या पाण्यात सिमेंट ओतताना पाहिलं नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. भाचा संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाचे अहवाल मराठीत समजावून सांगायचा. पश्चिम किनाऱ्याचा साधारण 18 टक्के भाग गोळीबार क्षेत्र म्हणून बंद आहे. उत्तर जॉर्डन खोऱ्यात हमरा आणि तयासीर ही लष्करी नाकी आहेत. पलीकडे तुबास, नाब्लुस ही बाजाराची गावं. पनीर घेऊन निघालेल्या माणसाला आज किती वेळ लागेल हे निघताना सांगता येत नाही. पनीर उन्हात किती तास टिकतं हे मी सांगू शकतो. हुमसा नावाच्या वस्तीत लष्करी सरावासाठी कुटुंबांना कधी काही तास, कधी दिवसभर घर सोडून जायला सांगितलं जाई. 3 नोव्हेंबर 2020 ला ती वस्तीच पाडली गेली, 73 माणसं उघड्यावर आली, त्यांत 41 मुलं. जॉर्डन खोऱ्याच्या उतारावरची ऐन सामिया ही वस्ती मे 2023 मध्ये उठली, 178 माणसं. तिथे कुणी एका दिवसात हाकललं नव्हतं. कुरणं हळूहळू हातची गेली, इस्रायली वसाहतवाल्यांचे हल्ले झाले, चारा विकत घ्यावा लागला, मेंढ्या विकाव्या लागल्या, आणि शेवटी उरलेली माणसं सामान भरून निघाली. ऑक्टोबर 2023 नंतर अशा वस्त्या भराभर उठल्या.

आमच्या नाक्याची त्या नाक्याशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. आमच्या नाक्यावर सैन्य नाही, बंदूक रोखलेली नाही. आमचा ठेलारी गरीब असेल, पण या देशाचा नागरिक आहे, मत देतो, आमदाराच्या दारात जाऊन ओरडू शकतो. तिथल्या मेंढपाळावर जे लष्कर हुकूम चालवतं, त्या लष्कराच्या सरकारला मत द्यायचा त्याला अधिकारच नाही. हा फरक झाकून मला काही बोलायचं नाही. पण मी जनावरांचा माणूस आहे आणि त्या अहवालांत मला जनावरं दिसतात. विणीच्या हंगामात दिवसभर कळप हलवायला लावला तर ओली कोकरं मरतात, मग हुकूम वनखात्याचा असो, रोग कायद्याचा असो की लष्कराचा. चारा विकत घेऊन मेंढपाळी चालत नाही, कारण चालत जाऊन फुकटचं गवत खाणं हाच या धंद्याचा पाया आहे. चालणं थांबवलं की धंदा मोडतो, आणि हे कुठलंही घर न पाडता करता येतं. ऐन सामियाबद्दल वाचताना मला हे जितकं स्पष्ट कळलं तितकं नोकरीतल्या वर्षांतही कळलं नव्हतं.

आता काळ बदलतो आहे, काही बाबतींत बराच. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली. बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला. गोठ्यातल्या म्हशीला तो शोभतो. बोरी-बाभळींतून फिरणाऱ्या मेंढीचा कान त्याने फाटतो आणि बिल्ला रानात पडतो, पण ज्याच्याकडे बिल्ले आहेत त्या वाड्याला विचारणा कमी होते हेही खरं. 21व्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद घेतली गेली. सरकारी कागदावर 'फिरणारा' असा रकाना आला, याचं मला मनापासून बरं वाटलं.

सध्या मी ज्या कामात आहे ते 2006 च्या वनहक्क कायद्याचं. त्या कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अभयारण्यालाही तो लागू आहे. अडचण पुराव्याची. ठेलारी अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, या जंगलावर आपला निर्वाह होता हे दाखवावं लागतं. जो माणूस कुठेच रहात नव्हता त्याने हे कसं दाखवायचं? एका वाड्यातल्या म्हाताऱ्याने ती पत्र्याची पेटी माझ्यापुढे उपडी केली. माझ्या लसीच्या चिठ्ठ्या होत्या, त्याखाली त्याच्या बापाच्या काळातल्या चराईच्या पावत्या, कोंडवाड्यातून मेंढ्या सोडवल्याच्या पावत्या, दंडाच्या पावत्या. दंड भरल्याची लाज वाटून त्या त्याने कुणाला दाखवल्या नव्हत्या. मी त्याला सांगितलं की नियमांत सरकारी कागदपत्रं पुरावा म्हणून चालतात, आणि दंडाची पावती म्हणजे या जंगलात तुझा बाप मेंढ्या घेऊन आला होता असं सरकारने स्वतः लिहून दिलेलं आहे. गॅझेटियरही चालतं. 1880 च्या खानदेश गॅझेटियरात ठेलाऱ्यांचा उल्लेख आहे, त्याची प्रत काढली. म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात, ते लिहून घेतले. जुन्या मुक्कामांच्या जागा, ओढे, पाणवठे, मसोबाचे दगड, हे सगळं नकाशावर मांडलं. या कामात वाड्यातल्या बाया पुरुषांपेक्षा पक्क्या निघाल्या, कारण कोणत्या मुक्कामावर कोणतं मूल झालं हे त्यांना पाठ होतं, आणि मुलाच्या वयावरून साल निघतं.

आता अडलं आहे ते पडताळणीवर. वनहक्क समितीने पडताळणीची तारीख जुलैत ठेवली होती. तेव्हा वाडा शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे. नियम असं सांगतो की भटक्या आणि पशुपालक समाजांच्या दाव्यांची पडताळणी ती माणसं हजर असतील त्याच वेळी व्हावी. तो नियम अर्जाला जोडला, खाली वाड्याच्या येण्याजाण्याचा तक्ता लिहिला, आणि दिवाळीनंतरची, कांदेबाग लागायच्या वेळची तारीख मागितली आहे. शक्यतो सकाळची, दहाच्या आधीची, हेही लिहिलं आहे.